कॅम्प चारची तुळस

नव्वद सालच्या आसपास, एम.एस्सी.ला असताना मी असा घोळ घातला, जो फक्त आमच्या घरातली पोरच घालू शकते.

प्रोजेक्ट होता रस्त्यावरच्या धुळीचा आणि धुराचा. रस्त्याकडेला कुंड्या ठेवायच्या, पंधरा दिवसांनी पानं तोडून धुवायची आणि उतरलेली घाण गाळून तोलायची. रस्त्यावरून गाड्या किती जातात ते सांगितलं की पानांवर घाण किती बसेल, हे सरांचं मॉडेल सांगायचं. माझे आकडे त्याच्याशी जुळले नाहीत तर वर्ष वाया. इकडे पप्पांनी अंबरनाथला फॅक्टरीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगी सायंटिस्ट झाली म्हणून.

मी तुळस निवडली. स्वस्त आणि पटकन वाढणारी. आम्ही बौद्ध, दारात तुळस कधी नव्हतीच. माझ्या लेखी ते एक झाड. एक कुंडी कुळगावला मावशीच्या अंगणात ठेवली, जिथे दिवसाला चार गाड्या जायच्या; दुसरी कॅम्प चारच्या सिंधी वस्तीत, भर रहदारीच्या रिक्षास्टँडजवळ, एका सिंधी आंटीच्या बटणं-चेनच्या दुकानासमोर. तिथे जावं तेव्हा कुंडीत तेलकट पणती. लोकांना कचरा टाकायला हीच जागा मिळते का, असं म्हणत मी ती इमानेइतबारे फेकून द्यायचे.

आकडे आले. कुळगावची पानं मळकट, कॅम्प चारची चकाचक.

"तिकडच्या रिक्षा काय ऑक्सिजन सोडतात?" सर म्हणाले. "पुन्हा कर. नाही जुळलं तर विषय बंद."

रविवारी मी तणतणत कॅम्प चारला गेले. पानाला हात लावते तोच आंटीने मनगट धरलं. "इतवार को तुलसी नहीं तोड़ते." तिच्या खांद्यावर काळाकुट्ट फडका होता. सकाळ-संध्याकाळ एकेक पान पुसत होती बाई!

"आंटी, माझं वर्ष बुडवलंत तुम्ही." मला रडूच फुटलं.

"तुलसी मैया को ऐसे काला छोड़ दूँ?" म्हणताना तिला खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरल्यावर म्हणाली, "इसका तो मैं पोंछती हूँ बेटा. मेरे अंदर का कौन पोंछेगा?"

मग मी दोन्हीकडे शोभेचं क्रोटन लावलं. त्याला कुणी नमस्कार करत नाही. आकडे जुळले, मी पास झाले, पप्पांनी पेढे वाटले. त्यातले चार घेऊन मी आंटीकडे गेले.

पेढा तोंडात टाकून तिने विचारलं, "तो बता, यहाँ कितना निकला?"

ती दिवसभर तिथेच बसायची. पुढेही तिथेच बसणार होती.

"ज्यादा नहीं, आंटी," मी म्हटलं. अख्ख्या प्रोजेक्टात खोटा आकडा मी तेवढाच दिला.