पाच कोटींतला माझा वाटा

आमच्या आबांना लॉटरी कधी लागली नाही, पण लागल्यावर काय करायचं यात ते वस्ताद होते. होते म्हणतेय खरी, पण माणूस अजून ठणठणीत आहे. सकाळी चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतो. फक्त ते पैसे वाटणं आता बंद पडलंय.

आई गेल्यावर मी दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. मी बोईसरजवळ सालवडला राहते. एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, नवरा दुसऱ्या कारखान्यात शिफ्टवर. आबा तारापूरच्या बाजूला, समुद्राकडच्या गावात, वाडीतल्या घरी एकटे. थोरला भाऊ वसईला, धाकटा वापीला. दोघं सणाला येतात, येताना मिठाईचा पुडा आणतात आणि जाताना चिकू, नारळ, केळ्याचा घड, जे गाडीत मावेल ते नेतात. नेऊ देत, वाडी त्यांचीच आहे. मी रविवारी सकाळी बोईसर स्टेशनजवळच्या टपरीवरून आबांसाठी लॉटरीचं तिकीट घ्यायची आणि शेअर रिक्षात बसायची. तिकिटाचे पैसे मीच द्यायची. ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण मला राग आला की असलं सगळं आठवतं.

गेल्यावर आधी मासे साफ करून तळायचे, दोन दिवसांचं कालवण करून ठेवायचं, चादरी धुवायच्या, गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरायच्या. सगळ्यात शेवटी नखं. आबांचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे पायाची नखं मी कापते. ओट्यावर ते खुर्चीत, मी खाली पाटावर, मध्ये कोमट पाण्याची बादली आणि त्यात त्यांचे पाय. नखं मऊ पडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आमचा खेळ त्या वेळात चालायचा.

"समज, लागली," आबा म्हणायचे.

की झालं सुरू. पहिल्यांदा लॉटरी एक कोटीची होती. मग थोरल्याने वसईला फ्लॅटचे भाव काय झालेत ते सांगितलं आणि आबांनी एका रविवारात ती पाच कोटींवर नेली. महागाई वाढली तशी आमची लॉटरीही वाढली. थोरल्याला मोठा फ्लॅट, खाली गाडी लावायला स्वतःची जागा. धाकट्याने वापीची नोकरी सोडायची, वाडीत चार खोल्या बांधायच्या, मुंबईचे लोक सुट्टीला येऊन राहतील. नातवंडांची शिक्षणं. गावदेवीच्या देवळाला नवीन पत्रे. वाडीत राबणारं जोडपं आहे, डोंगराकडच्या पाड्यावरचं, त्यांना पक्कं घर आणि दारात नळ. शेजारच्या म्हातारीला ऐकायचं यंत्र, म्हणजे आबांना ओरडून बोलावं लागणार नाही. एवढंच काय, आमच्या कुत्र्यालासुद्धा रोज अर्धा किलो कोंबडी मंजूर होती.

मी गप्प बसून ऐकायची असं समजू नका. मी वाद घालायची. देवळाला पत्रे कशाला, स्लॅबच टाका की, एवढे पाच कोटी आहेत, हात कशाला आखडता घेताय. मग आबा म्हणायचे, बरं, स्लॅब. धाकट्याच्या खोल्यांना बाथरूम आतच हवं, मुंबईची माणसं रात्रीची बाहेर जाणार नाहीत, हेही माझंच. "आपण असं करू," "आपण तसं करू," असं आबा बोलत राहायचे आणि त्या 'आपण'मध्ये मी ऐसपैस बसलेली होते. माझं नाव कधी निघालं नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. पण मला वाटायचं, मी वाटणारी आहे. वाढणाऱ्याने स्वतःचं पान शेवटी घ्यायचं असतं.

आणि माझं ठरलेलंही होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. वाडीच्या टोकाला, विहिरीच्या पलीकडे, एक खोली. एकच. खिडकी समुद्राकडे. रविवारी संध्याकाळी शेवटची रिक्षा चुकेल म्हणून धावायला नको, हवं तर राहता येईल. कुंभवलीवरून येताजाता कारखान्यांचा वास नाकात बसतो तो एक रात्र तरी जाईल. फरशी कुठली, दार कुठल्या बाजूला, कपाटात काय ठेवायचं, सगळं मी कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यासमोर उभी असताना ठरवून टाकलं होतं. पण ते आबांनी स्वतःहून म्हणायला हवं होतं. मागून घेतलं तर त्यात काय राहिलं? मी वाट बघत होते की कधीतरी पाय पाण्यात असताना ते म्हणतील, आणि तुझं काय गं? बस, एवढंच. पुढचं मी सांगितलं असतं.

आता एका सहीचं सांगते. आई गेली त्याच वर्षी मी हक्कसोड केली, म्हणजे वाडीतला माझा वाटा भावांना सोडून दिला. आमच्याकडे बहिणी करतात. कुणी जबरदस्ती केली नाही, खोटं कशाला बोलू. थोरल्याने फोन करून विचारलं, मी म्हटलं, विचारतोस काय, कधी यायचं ते सांग. पालघरला कचेरीत फोटो काढला, अंगठा दिला, सही केली. तिथल्या कारकुनाने विचारलं, राजीखुशीने करताय ना? मी त्याच्यावरच खेकसले, म्हटलं, भावांना देतेय, परक्याला नाही. बाहेर आल्यावर आबांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, माझी पोर गुणाची. त्या हातावर मी पुढची किती वर्षं काढली. घरी जाताना नवरा हळूच म्हणाला होता, एकदा विचार तरी करायचा होतास. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

गेल्या मे महिन्यात सगळे वाडीत जमले होते. दोन्ही भाऊ, वहिन्या, मुलं. जेवणं झाली, ओट्यावर चटया टाकल्या, मी आंबे कापत बसले. थोरल्याची मुलगी कॉलेजात आहे, बोलायला चुरचुरीत. तिने आबांना छेडलं, आजोबा, ती तुमची लॉटरी सांगा ना. आबा खुलले. आमचा रविवारचा खेळ आज भरसभेत होणार म्हणून मीही खुलले. आबांनी एकेकाला द्यायला सुरुवात केली. फ्लॅट दिला, खोल्या दिल्या, नातवंडांची शिक्षणं दिली, देवळाला स्लॅब दिला. धाकटा मध्येच म्हणाला, स्लॅब काय, सोन्याचा कळस चढवा. सगळे हसत होते. कुत्र्याची कोंबडी आली तेव्हा तर वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

मग ती पोरगी म्हणाली, "आणि आत्याला काय?"

माझ्या हातात सुरी तशीच राहिली. मी मान वर केली नाही, पण कान सगळे तिकडे. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो दुसऱ्याच कुणीतरी विचारला होता, आणि मला तेही चाललं असतं.

"तिला कशाला?" आबा म्हणाले. "तिची सही झाली हाय ना."

रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. बस कुठून सुटते असं कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तितक्या सहज. थोरला हसत म्हणाला, आबा, सही वाडीची होती, लॉटरीची नव्हती. आबा म्हणाले, सही ती सही. पुन्हा सगळे हसले. मीही हसले. हे मला अजून सहन होत नाही की मीही हसले. आंबे कापून झाले, सालं गोळा केली आणि मागच्या दारी टाकून आले. येताना कुत्रा आडवा आला तर त्याला लाथ घातली. बिचाऱ्याचा काय दोष, पण घातली.

माझा राग घरात प्रसिद्ध आहे. कारखान्यात तर नवीन पोरी मला हिंदीत 'मिरची मॅडम' म्हणतात, त्यांना वाटतं मला कळत नाही. पण त्या दिवशी तो राग आलाच नाही. मी पिशवी उचलली आणि तोंडाला रुमाल लावून निघाले. रिक्षात बसल्यावर शेजारच्या बाईने विचारलं, उलटी होतेय का ताई?

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अगं पण पाच कोटी आहेत कुठे? नसलेल्या पैशावरून काय रडतेस?

तेव्हा मात्र माझी सटकली. नसलेल्या पैशावरूनच तर रडायचं! वाडी खरी आहे. वाडीला सातबारा आहे, हद्दी आहेत, भावांना मुलं आहेत, एकाला दिलं तर दुसऱ्याचं कमी होतं. तिथे माझं नाव नसलं तर मला समजतं, म्हणून तर सही केली. पण ही लॉटरी? हिच्यात कुणाचं काय जात होतं? तोंडाने नुसतं म्हणायचं होतं. शेजारणीचा कान आठवला, देवळाचे पत्रे आठवले, कुत्र्याची भूक आठवली. पाय माझ्या हातात, नखं मी कापतेय आणि मीच दिसले नाही? फुकटचे पाच कोटी वाटतानाही जर बापाला पोरगी आठवत नसेल, तर तो डोक्यावरचा हात कसला होता? त्या दिवशी त्यांनी मला जवळ घेतलं नव्हतं, मोकळं केलं होतं. आणि मी तो आशीर्वाद म्हणून वर्षानुवर्षं मिरवत राहिले. हे सगळं मी नवऱ्याला ओरडून सांगितलं. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि टीव्ही बंद केला.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. ओव्हरटाइम आहे म्हणून कळवलं. दुसऱ्या रविवारी दुपारी आबांचा फोन आला. मला वाटलं, विचारतील, बरी आहेस ना. त्यांनी विचारलं तिकिटाचं. काढलंस का, नंबर काय आहे. मी म्हटलं, टपरी बंद होती. त्यावर म्हणाले, बरं, पण ये आता, नखं टोचायला लागलीत.

तिसऱ्या रविवारी मी गेले ती भांडायला. तिकीट घेतलं नाही. कुंभवली सोडून पुढे जाईपर्यंत मनात सगळं बोलून झालं होतं, क्रम लावून, एकही मुद्दा न विसरता. पण घरी पोहोचले तर आबा ओट्यावर बसलेले, दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. मी आत गेले, मासे केले, चादरी भिजवल्या, गोळ्या भरल्या. मग बादली आणली. त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने, नेहमीसारखंच, म्हणाले, समज, लागली.

मी म्हटलं, "आबा, त्यातलं मला काय?"

त्यांनी डोळे उघडले. रागावले नाहीत, ओशाळलेही नाहीत. विचारात पडले. देवळाचे पत्रे की स्लॅब, याचा जसा मनापासून विचार करायचे तसाच माझा करायला लागले. आणि काय सांगू, एवढं सगळं होऊनही मी मनात ती खोली पुन्हा उघडली. मी विहिरीच्या दिशेला बघायचं मुद्दाम टाळलं. त्यांनी स्वतःहून म्हणावं, अजूनही मला तेच हवं होतं. झालंगेलं सगळं मी तिथल्या तिथे सोडून दिलं असतं.

"तुला एक साडी घेऊ," आबा म्हणाले. "चांगली, भारीतली."

पाच कोटींतली एक साडी. येताना तयार केलेली सगळी भाषणं माझ्या तोंडाशी होती, एकूण एक. मी तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं?

"कुठल्या रंगाची?"

आबांनी पाण्यातला पाय उचलून माझ्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला.

"कुठल्याही. तुला काय, तुला कायपण चालतं."

मी बरं म्हटलं आणि अंगठ्यापासून नखं कापायला सुरुवात केली.