सिस्टरबाईंचा रोजचा अध्याय

सिस्टरबाईंनी उभ्या आयुष्यात बायबलचे एकही पान मागे फिरवले नाही आणि एकही पान ओलांडून त्या पुढे गेल्या नाहीत. रोज सकाळी एक अध्याय. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत पोहोचायला त्यांना सव्वातीन वर्षे लागत. पोहोचल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पान. आवडीचा भाग म्हणून त्यांनी कधी काही वेगळे काढून ठेवले नाही. कुणी म्हटले, "सिस्टरबाई, आज सणाचं काही छान वाचा," तर त्या म्हणत, "देवानं वाढलेल्या ताटात मी निवडून खात नाई. कारलं आलं तर कारलं."

एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव, आणि गावाच्या टोकाला मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना. तिथे त्या तीस वर्षे नर्स होत्या. आमच्या आणि त्यांच्या अंगणात बांबूचे एक कुंपण होते. माझे वडील शाळेत गुरुजी. आमच्या घरात देवांची पूजा सुरू असताना कुंपणापलीकडून त्यांचे वाचन येई; उदबत्तीचा धूर इकडून तिकडे जाई आणि त्यांचा आवाज तिकडून इकडे. शब्दांचे अर्थ कळण्याआधीच तो आवाज मला पाठ झाला होता. त्यांच्या हाताला स्पिरिटचा गार वास असे, आणि तीस वर्षांत तो वास पुस्तकाच्या पानांनाही लागला होता. खूण म्हणून पुस्तकात गॉजची एक पट्टी असायची. ती मळली की त्या उकळून, वाळवून पुन्हा ठेवायच्या.

वाचून झाले की त्या लिहायला बसत. वही म्हणजे दवाखान्यातली रद्द झालेली रुग्णनोंदवही. तिच्यात रकाने छापलेले होते: नाव, तक्रार, औषध. नावाच्या रकान्यात त्या पुस्तक आणि अध्याय लिहीत. वाचताना जे टोचले ते तक्रारीत, आणि त्यावर आज काय करायचे ते औषधात. एकदा नावेतून पळून जाणाऱ्या संदेष्ट्याचा अध्याय होता. तक्रारीत त्यांनी लिहिले होते, "नको त्या गावाला देव धाडतो." औषधात, "नाल्यापलीकडच्या टोल्यावर लसीकरण. आजच." त्या वस्तीवर जायच्या नाल्याला त्या दिवशी मांडीइतके पाणी होते, हे मला आईने नंतर सांगितले. एका पानावर तक्रार होती, "कंपाऊंडरवर राग धरला आहे," आणि औषध, "त्याला चहा पाजणे. साखर जास्त."

दवाखान्यात त्यांच्या जोडीला बुधरीबाई नावाची गोंड दाई होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण सकाळचे वाचन ऐकायला ती हटकून येई आणि पायरीवर बसून टोमणे मारी.

"तुझा देव तुले रोज शाळेत बसवते का व?"

"बसवते."

"मंग पास काऊन नाई करत? इतके वर्ष झाले, तेच पुस्तक!"

"ढ आहो बाई मी," सिस्टरबाई म्हणत, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत.

काचबिंदूने त्यांचे डोळे हळूहळू मालवत नेले. सेवेतून निवृत्त झाल्या त्या वर्षी अक्षरे अंधुक झाली. पुढच्या वर्षी पानच पांढरे दिसू लागले. मी तेव्हा नागपूरहून शिकून परत येऊन गावच्या आश्रमशाळेत मराठी शिकवत होते. वाचनाचे काम माझ्याकडे आले. मी कवितेच्या नादातली. पहिल्याच दिवशी ओळींना चढउतार देत, थांबे घेत वाचू लागले. त्यांनी हात वर केला. "गाऊन नको दाखवू माय. ताप किती आहे ते आपन सुरात सांगतो का? सरळ वाच." तेव्हापासून मी सरळ वाचू लागले, आणि वाचून झाल्यावर त्या सांगत ते त्या तीन रकान्यांत लिहू लागले.

त्यांना एकच मुलगा होता, दानियेल. आम्ही त्याला दानू म्हणायचो. तो तान्हा असतानाच सिस्टरबाईंचे पती मलेरियाने गेले होते. दानूने मला सायकल शिकवली. मोहाची फुले वेचायला जाताना वाटेतल्या प्रत्येक पाखराचे गोंडी नाव तो मला विचारायचा आणि चुकले की डोक्यात टपली मारायचा. विसाव्या वर्षी तो जंगलात गेला. आमच्याकडे या शब्दांचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. तो बंदूकवाल्यांबरोबर गेला. नऊ वर्षे त्याचा निरोप नाही, चिठ्ठी नाही. त्या वर्षांत सिस्टरबाईंनी जखमी पोलिसांनाही टाके घातले आणि काळोखात आणून सोडलेल्या, नाव न सांगणाऱ्या पोरांनाही. दोघांनाही त्या एकच प्रश्न विचारत: "घरी आई आहे का?"

तेंदूपानांच्या हंगामात बातमी आली. चकमक झाली होती, आणि ओळख पटवायला आईला बोलावले होते. मी सोबत गेले. खोलीत फिनाइलचा उग्र वास होता आणि बाहेर उन्हाने पत्रे तडतडत होते. त्यांना दिसत नव्हते, म्हणून त्यांनी हात पुढे केला. बोटे कपाळावर टेकली, भुवईवर आली, आणि तिथे थांबली. लहानपणी सायकलवरून पडून दानूची भुवई फाटली होती. त्या व्रणावरून त्यांनी दोनदा बोट फिरवले आणि म्हणाल्या, "टाके माझे आहेत."

एवढेच. त्या रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही, माती देताना नाही, नंतरही नाही. आमच्यापासून दोन घरे सोडून कुसुमबाई राहतात. त्यांचा मुलगा पोलिसात होता आणि आदल्या वर्षी सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. तेव्हा तेरा दिवस सिस्टरबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या, त्यांना हाताने पेज भरवत होत्या. दानूच्या मातीला कुसुमबाई आल्या नाहीत. त्याबद्दल सिस्टरबाई अवाक्षर बोलल्या नाहीत. गावात कुणी म्हणे, बाई दगड आहे. कुणी म्हणे, पोराची लाज वाटत असेल. आमचे वाचन चालू राहिले. एकही दिवस चुकला नाही. पण वहीचे रकाने रिकामे राहू लागले. मी विचारी, "तक्रार?" त्या म्हणत, "काही नाई." मग औषधाचे विचारण्यात अर्थ नसे. दानूचे नावही त्यांच्या तोंडून आले नाही.

श्रावणात आम्ही दावीद राजाच्या गोष्टीत होतो. धानाची रोवणी आटोपलेल्या बांध्यांत पाणी चमकत होते, आणि माझ्या मनात एक अध्याय दबा धरून बसला होता. पुढे काय येणार हे मी आधीच वाचून ठेवले होते. राजाचा मुलगा बापावर शस्त्र उचलतो. रानातल्या झाडाला अडकतो, आणि राजाचेच शिपाई त्याला मारतात. राजा वेशीवरच्या खोलीत जाऊन मुलाला हाका मारमारून रडतो. त्याच्या पुढच्या अध्यायातही ते रडणे थांबत नाही. हे मी या बाईंसमोर कोणत्या तोंडाने वाचू? तीन रात्री मी स्वतःला विचारले. चौथ्या सकाळी मी दोन्ही अध्याय ओलांडले आणि त्यांच्यापुढचा, म्हणजे तिसरा, वाचला. आवाज सरळ ठेवला. वहीत अध्यायाचा आकडा मात्र आमच्या क्रमाने यायला हवा होता तोच घातला. सिस्टरबाईंनी मान खाली घालून ऐकले. वाचून संपल्यावर त्या जरा जास्त वेळ बसून राहिल्या; मग उठून, भिंतीला हात लावत, आत गेल्या. मला वाटले, मी त्यांना एका मोठ्या घावातून वाचवले. त्या दिवशी शाळेत मी अतिशय हलक्या मनाने शिकवले.

पावणेदोन महिन्यांनी त्यांच्या छातीत पाणी झाले आणि त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवावे लागले. पुस्तक आणि नोंदवही अर्थातच सोबत होती. दुपारी, वॉर्डातली गडबड जरा थंडावल्यावर, त्यांनी डोळे मिटल्या मिटल्याच विचारले,

"माय, राजाचे ते दोन अध्याय तू गाळले ना?"

माझ्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली.

"तुम्हांला कळलं होतं?"

"तीस वर्षांत दहाव्यांदा वाचून राह्यली. मले नाई समजनार?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"मले वाटलं, तुलेच वाचवत नसंल. त्यानं तुले सायकल शिकवली होती. म्हटलं राहू दे, पोरीले काऊन रडवू."

मी त्यांना खरे सांगितले. मी ते अध्याय माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी गाळले होते. मग त्यांच्या सुकलेल्या ओठांवर हसू आले. "म्हंजे दोघीही भारी शहाण्या निघालो."

मलाही हसू फुटणार होते. पण त्या पुढे बोलू लागल्या.

"पोराले पाह्यलं ना, त्याच दिवशी मी बोटावर मोजलं होतं. राजाच्या त्या अध्यायापर्यंत मधात किती पुस्तकं, किती अध्याय. पाऊनशे दिवस होत होते. म्हटलं, तिथी पोहचली का रडाचं. त्याच्या आधी रडली तर कुसुमबाईच्या कानावर जाईल. तिच्या पोराले मारनाऱ्यायच्या संगतचा माझा पोरगा. तिले मी आपलं रडनं कसं आयकवू? पन तिथी राजाच रडते. लिहूनच ठेवलं आहे. त्याच्यासंग रडली तर मले कोन काय म्हननार?"

त्या दिवस मोजत होत्या. मी समजत होते की दगड झाल्या आहेत. आणि त्या एकेका अध्यायाने त्या पानाकडे चालत होत्या. जिथे त्यांना बसून रडायची परवानगी होती ती एकच जागा मी त्यांच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवली होती.

मी पुस्तक उघडले, पाने मागे चाळू लागले. त्यांनी माझे मनगट धरले, नाडी पाहताना धरायच्या तसे, नेमके.

"पान मागं नको फिरवू. मले येते ते."

आणि त्या सांगू लागल्या. पुस्तकातल्या भाषेत नव्हे. बाळंतिणीच्या खाटेशी बसून सांगावे तसे, त्यांच्या स्वतःच्या बोलीत. "राजा वेशीपाशी बसला होता. एक मानूस पळत आला. तो म्हनते, आपन जिंकलो. राजा विचारते, पोरगा बरा आहे ना? दुसरा आला. त्याले बी तेच, पोरगा बरा आहे ना? जिंकलो का हरलो, त्याले घेनंदेनं नाई. मंग समजलं त्याले. मंग तो वरच्या खोलीत जाते. पायऱ्या चढता चढता बोलते. त्याचा सेनापती येऊन त्याले म्हनते, रडू नको, लोक पाहून राह्यले, तो तुह्यावर उठला होता. हो, उठला होता. पन..."

इथे त्या थांबल्या. आणि राजाच्या मुलाचे नाव यायला हवे होते तिथे, चार महिन्यांत नव्हे, नऊ वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्या तोंडून आले, "दानू. दानू रे. माह्याजवळचं काहीबी नेलं असतं तं चाललं असतं रे दानू."

त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानशिलांवरून उशीत उतरले. आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली आणि काहीही न विचारता त्यांच्या पायांवर हात ठेवून राहिली. मी त्यांच्या खांद्यात तोंड लपवले. तिथे अजूनही स्पिरिटचा वास होता.

दुसऱ्या सकाळी वाचन झाल्यावर मी सवयीने विचारले, "तक्रार?"

"लिही. दानू."

"आणि औषध?"

"तो रकाना राहू दे."

तीन दिवसांनी त्या गेल्या. त्यांना गावी आणले तेव्हा धान लोंबीवर आले होते. स्मशानाकडे जाणारी वाट त्या दुधाळ, कोवळ्या वासाने भरून गेली होती. चंद्रपूरहून चर्चचे पाळक आले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "आपण त्यांना रोज वाचून दाखवत होता, तर आजही आपणच वाचा. एखादं सांत्वनाचं स्तोत्र घ्या." मी हो म्हटले. पुस्तक उघडले. गॉजची पट्टी इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात होती. त्या दिवशीचा अध्याय म्हणजे नुसती नावे. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचे मुलगे हे आणि हे, पानेच्या पाने. त्यात दिलासा देणारे एक वाक्य नाही.

मी पट्टी उचलली आणि तिथूनच वाचायला सुरुवात केली. सरळ आवाजात. लोक आधी खाली मान घालून उभे राहिले, मग एकमेकांकडे पाहू लागले. पाळकांनी घसा खाकरला. दानूच्या मातीला न आलेल्या कुसुमबाई आज आल्या होत्या. त्या मागे पळसाला टेकून उभ्या होत्या, आणि प्रत्येक नावासरशी त्यांचे ओठ हलत होते, कुणाचे नाव शोधावे तसे. अवघड नावांवर माझी जीभ अडखळत होती. मी प्रत्येक नाव पुन्हा घेत होते, पुरे होईपर्यंत. मध्ये एकदा ऊन चढल्याचे मला जाणवले आणि मी थांबले.

मातीच्या ढिगाऱ्याजवळ उकिडवी बसलेली बुधरीबाई मान वर करून म्हणाली, "संपले का व पोरं?"

"नाही. अजून आहेत."

"मंग वाच ना," ती म्हणाली, आणि मुठीतली माती तशीच धरून ठेवली. "इथी कोनाले घाई आहे?"