दार उघडण्याआधीची लाल टिकली

ताईंच्या चित्रदालनाचा इतिहास सांगायचा तर तो काचेपासून सुरू होतो. वडिलांचं आरसे आणि खिडक्यांच्या काचा कापून द्यायचं दुकान होतं. ते गेले, दुकान बंद पडलं, आणि थोरल्या मुलीने, म्हणजे ताईंनी, कपाटं हलवून भिंतींना पांढरा रंग दिला. आसपासच्या चित्रकारांना मोठ्या शहरात कोण उभं करतंय? त्यांना इथे भिंत मिळाली. पाट्या रंगवणारा आला, शाळेतले चित्रकलेचे मास्तर आले, नावाड्याची सून आली. चित्रं लागायची ताईंच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि ताई बुटक्या. त्यामुळे उंच माणसं तिथे कायम वाकूनच कौतुक करायची.

ताई स्वतःही चित्रं काढायच्या. पण आपलं चित्र आपल्या दालनात लावायचं नाही, हा त्यांचा नियम. लोकांना त्यात मनाचा मोठेपणा दिसायचा. कसला मोठेपणा! पहिल्या प्रदर्शनात त्यांनी आपली दोन चित्रं लावली होती आणि त्यांच्यासमोर एकच माणूस थांबला होता, तोही छत्री टेकवून ठेवायला. तेव्हापासून ताईंची चित्रं माळ्यावर. दुसऱ्या कोणाचं विकलं गेलं की त्या तोंडभर अभिनंदन करायच्या, चित्राखाली ‘विकलं’ म्हणून लाल टिकली चिकटवायच्या आणि घरी जाऊन विनाकारण नवऱ्यावर खेकसायच्या.

तरी परक्याचं एक वेळ सोसतं. पाठच्या बहिणीचं नाही सोसत.

धाकटी इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरीला होती. जन्मात कधी ब्रश धरला नव्हता. पन्नाशीला गुडघा धरला म्हणून घरी बसली, वेळ जाईना म्हणून रंग आणले, आणि वार्षिक प्रदर्शनाच्या तोंडावर एक चित्र काखेत मारून दालनात हजर झाली. दोन बायका मोठ्या पांढऱ्या चादरीची घडी घालताहेत. एकीचा चेहरा दिसतो, दुसरी चादरीआड. ताईंनी भोवती गुंडाळलेला कागद सोडला. चित्र चांगलं होतं. असलं पांढरं त्यांना उभ्या जन्मात साधलं नव्हतं.

“बरंय,” त्या म्हणाल्या. धाकटीला तेवढंही पुष्कळ झालं.

नाकारायचं तर कारण काय सांगणार? ताईंनी ते दाराआडच्या कोपऱ्यात टांगलं. पण तेवढ्याने जीव थंड होईना. दरवर्षी एक चित्र विकत घेणारे दातांचे डॉक्टर कोपरेसुद्धा सोडत नसत. घेतलेलं चित्र ते दवाखान्यात बाहेरच्या बाकासमोर लावत. म्हणजे उद्या आपली दाढ दुखली, तर गाल धरून धाकटीच्या चादरीसमोर बसायचं! ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. विकलेल्या चित्राची कोणी चौकशी करत नाही, असा हिशेब करून उद्घाटनाच्या सकाळी, दार उघडायच्या आधीच, त्यांनी धाकटीच्या चित्राखाली लाल टिकली चिकटवून टाकली.

इतकी वर्षं दालन चालवून बाईंना एवढं कळू नये! दार उघडायच्या आधीच विकलं गेलेलं चित्र म्हटल्यावर सगळी गर्दी त्याच कोपऱ्यात. डॉक्टर तर हातापाया पडायचे बाकी राहिले. धाकटी आली, तिने टिकली पाहिली आणि ती स्टुलावर बसूनच राहिली.

“मला न ओळखणाऱ्या माणसाने घेतलं ना गं?” तिने विचारलं.

ताईंनी ‘हो’ म्हणून मान हलवली. आता दुसरं करणार काय? चित्र त्यांनाच घ्यावं लागलं.

घरी नेऊन त्यांनी ते कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलं. पण दुपारी घर रिकामं झालं की हात तिकडेच जायचे. चित्र समोर ठेवून त्या ते पांढरं उतरवायला बघायच्या, जमायचं नाही, कागद फाडायच्या. एवढं डोळ्यांत खुपतंय तर देऊन टाक ते डॉक्टरांना, असं नवरा एकदा म्हणाला. देणार नाही, असं म्हणून त्या आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

पुढे दालनाला पंचवीस वर्षं झाली. आजवर गाजलेली चित्रं मालकांकडून मागून आणून लावायची ठरलं, आणि त्या चादरीचं नाव जो तो घेऊ लागला. ताईंनी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी चित्र आणलं आणि दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर लावलं. लावताना स्टुलावर चढल्या. या एका चित्रासाठी कोणाला वाकावं लागणार नव्हतं.

धाकटी सकाळीच आली. बराच वेळ बघत राहिली.

“ताई, त्या माणसाला कधी विचारलंस का गं, हेच का घेतलं म्हणून?”

ताईंनी सरळच असलेली चौकट पुन्हा सरळ केली.

“विचारलं होतं. हे दुसऱ्या कोणाच्या घरी गेलेलं मला बघवलं नसतं, म्हणाला.”

धाकटीचे डोळे भरून आले. “किती चांगला माणूस असेल,” ती म्हणाली.

बाहेर लोक जमले होते, ताई दार उघडायला गेल्या.