अण्णांचा सूर्य, बापूंची भट्टी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे ते साठत जातात. एक दिवस आवरायला काढावं तर एकही टाकवत नाही! आमच्या देवासच्या सकाळच्या कंपूचं तेच झालंय. टेकडीला चक्कर मारायची, खाली येऊन शेव घातलेले पोहे खायचे आणि मग भांडायचं.

भांडणारे दोघं. बापू सगळी नोकरी दूरच्या एका अणुवीज केंद्रात करून, रिटायर होऊन गावी परतलेले. अण्णा मूळचे धारचे, इथल्या कारखान्यात आयुष्य गेलेलं. गच्चीवर सोलर बसवलं तेव्हापासून सूर्याचे वकील! मी मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवलं, तेही हिंदीतून, म्हणून मला पंच केलंय. पंचाचं ऐकायची पद्धत मात्र आमच्यात नाही.

पण हे भांडण गेल्या वर्षी विजेचं राहिलं नाही. अण्णांची एकुलती एक मुलगी ईशा इंजिनिअर झाली आणि तिची निवड नेमकी एका अणुवीज केंद्रात झाली. अण्णांची बायको कॅन्सरनं गेलेली. रेडिएशन म्हटलं की त्यांना तेच दिसायचं. "जाऊ नकोस" असं ते बोलले नाहीत, नुसतं जेवण कमी केलं. ईशाही हट्टी नाही. होकार कळवायला बरेच महिने होते, तेही संपत आले तरी बापाचं तोंड बघून ती थांबली होती.

*

हिवाळ्यातली सकाळ. धुकं इतकं, की समोरचा माणूस दिसेना, आणि त्यात लाइट गेली. पोहेवाला ओरडला, "बापू भिया, जरा इधर खड़े हो जाओ, उजाला हो जाएगा!"

सगळे हसले. बापूही खरंच कढईपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "पहले दो प्लेट फ्री, फिर स्विच ऑन!"

अण्णा हसले नाहीत. बापूंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरं सांग. इतकी वर्षं त्या भट्टीपाशी काढलीस. काहीच झालं नाही तुला?"

"झाली ना, शुगर झाली," बापू म्हणाले. "पण ती इथं आल्यावर, तुझ्या जिलबीनं!"

*

चैत्रात अण्णांचं सोलर एकदम मंदावलं. मोबाइलवर रोजची वीज बघायचा त्यांना नाद. आकडा खाली गेला की चेहराही खाली. शेवटी कंपनीचा मुलगा इंदूरहून आला, गच्चीवर चढला आणि हातात कुरडई घेऊन खाली आला.

"अंकल, ये क्या है?"

त्याचं असं झालं, की अण्णांची थोरली बहीण, आक्का, धारहून उन्हाळ्याचं वाळवण करायला आलेली. तिनं पॅनलवर ओली धोतरं पसरून वर कुरडया घातलेल्या! अण्णा चिडले. आक्का ढिम्म. "एवढी स्वच्छ काच, एवढं कडक ऊन, धूळ नाही, माकडं नाहीत. आणि तुम्ही त्यावर नुसती वीज करता?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तेही आपल्याच बाजूनं वळवलं. "बापू, तुझ्या भट्टीवर कुरडया वाळतात का?"

"नाही वाळत," बापू म्हणाले. "म्हणून तर ती चालते!"

*

मे महिन्यात अण्णांनी आम्हाला जेवायला बोलावलं. खरं कारण म्हणजे शून्य रुपयांचं वीजबिल दाखवायचं होतं. पान वाढलं आणि गावाची लाइट गेली. त्यासरशी अण्णांचाही पंखा थांबला.

बापूंना घास गिळवेना, इतकं हसू. "अरे, सूर्य डोक्यावर आणि पंखा बंद?"

मग मला मास्तरकी करावी लागली. बाहेरची लाइन गेली की असलं सोलर आपोआप बंद होतं. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसेल.

अण्णा ताठ झाले. "ऐकलंस? माझं सोलर दुसऱ्याच्या जिवासाठी बंद पडतं!"

बापूंचं हसू ओसरलं. घाम पुसत ते म्हणाले, "आमचंही तसंच आहे रे. जरा कुठं खुट्ट झालं की आधी बंद, मग चौकशी. ईशाला तेच काम करायचंय तिथं."

अण्णा पाणी आणायला म्हणून उठले. तांब्या समोर भरलेला होता.

*

बापू काही दर वेळी जिंकत नाहीत हो. गावाबाहेरच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. आषाढात गरगर फिरतात, दिवाळीच्या आसपास बऱ्याचदा नुसत्या उभ्या. एका सकाळी बापूंनी तिकडं बोट दाखवलं, "आज पवनदेवाची कॅज्युअल लीव्ह!"

अण्णा भडकले. "असू दे. उद्या वारा आला की फिरेल. तुमच्या भट्टीतून जो कचरा निघतो, तो किती पिढ्यांनी सांभाळायचा? त्या पोरांना विचारलंय का कुणी?"

बापूंनी प्लेट बाजूला ठेवली. पोहे गार झाले. मग म्हणाले, "नाही विचारलं. जपून ठेवलाय, नीट ठेवलाय, एवढंच सांगू शकतो. पुढचं उत्तर माझ्याकडं नाही. दिवसा तुझा सूर्य घ्यावा, रात्री माझी भट्टी, एवढं मला पटतं. पण त्या कचऱ्याचं कुणीतरी हुशार माणसानं तिथं जाऊन बघायला हवं."

"माझीच पोर सापडली तुला?" अण्णा म्हणाले. त्या दिवशी भांडण मिटवायला मी मधे पडले नाही, मला धीरच झाला नाही.

*

अण्णांनी शेवटचा उपाय काढला. धारजवळ नालछ्याकडे सोलरचं मोठं काम निघालं होतं. मला मध्यस्थ म्हणून घरी बोलावलं आणि माझ्यासमोर ईशाला म्हणाले, "तेही वीजच करतात. धारला आक्काकडं राहा. शनिवारी घरी येशील."

ईशाचं मराठी आमच्या सगळ्या पोरांसारखं, अर्धं हिंदी. ती म्हणाली, "बाबा, काम चांगलं आहे ते. मी जाईन पण. लेकिन तुम्ही डरलात म्हणून नाही जाणार."

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आईची सिकाई झाली होती ना इंदूरला? ती रेडिएशनच होती, बाबा. तिला साल भर आपल्याजवळ उसी ने रखा."

"मला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "रोज बाहेर तिची शाल धरून बसायचो, हात जोडायचो मी त्या मशीनला. वर्ष दिलं, आणि मग नाही दिलं. माझा त्याच्यावर विश्वास नाही गं."

ईशा त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी चहाचा कप तसाच ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या गाडीवर अण्णा आले. भांडले नाहीत. जिलबी मागवली, बापूंच्या प्लेटमधून काढून स्वतः खाल्ली आणि विचारलं, "तिकडं थंडी किती असते रे?"

*

आणि हा किस्सा ईशानं मला फोनवर सांगितलेला.

अण्णा तिला पोचवायला गेले. पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोबत. पुढं घरच्यांना जाता येत नाही. ईशा म्हणाली, "बाबा, तुम्ही गेस्टहाउसवर आराम करा." ते हो म्हणाले. ती आत गेली.

दुपारी गार्डनं पाहिलं तर म्हातारा गेटसमोरच्या बाकावर. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, मोसंबी आणि ईशाची शाल. गार्ड भला माणूस. म्हणाला, "बाबूजी, वो तो शाम को छूटेगी. आप कमरे पे जाइए."

"नहीं भिया," अण्णा म्हणाले. "हमको आदत है. इंदूर में भी अंदर नहीं जाने देते थे. बाहर ही बैठते थे."

सावली सरकली तसा गार्डनंच बाक उचलून सावलीत घेतला.

संध्याकाळी ईशा बाहेर आली ती धावतच. मैत्रिणी झाल्या होत्या, कार्ड मिळालं होतं, सांगायला ढीगभर होतं. अण्णा उठले. तिच्या खांद्यावर शाल घातली, नीट लपेटली, आणि तिला चालायला आधार म्हणून हात पुढं केला.

म्हणाले, "आज वेळ लागला तुला."