दुसऱ्याच्या रेडिओवरचा अंतिम सामना

मलकापूरला स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. स्वतःचा रेडिओ नव्हता; दुरुस्त झालेला रेडिओ तपासायचा म्हणून ते त्यावर फुटबॉल ऐकत. मैदानावरचा सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो; शाळा सुटली की मीही तिथे बसे.

राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात बरोबरी होती, दहा मिनिटं उरली होती, आणि रेडिओचा मालक आला.

"थोडं थांबवा न त्याले, चाचा," मी म्हणालो.

"पाचचा वायदा देल्ला, मास्तर. त्याची मोटार निघून जाईन."

त्यांनी रेडिओ बंद करून फडक्यात बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी मी पेपर उघडला. "निकाल शेवटी सांगजा," ते म्हणाले, "पयले खेळ वाचा."

बातमी दोनच ओळींची होती. मी ती जमेल तितकी सावकाश वाचली.