खराडीच्या फ्लॅटमधली बादली

सोमवार, दहा मार्च. खराडीतला माझा फ्लॅट शुक्रवारपासून चार रात्रींसाठी दहा हजारांना दिला होता. जादा टॉवेल द्यायला गेलो तेव्हा तिथे मी, फ्लॅटची व्यवस्था बघणारा एजंट आणि पाहुण्या आजी होतो. त्यांचा मुलगा कंपनीत गेला होता.

आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. टाक्यांना पाणी लागू द्यायचं नव्हतं आणि बाथरूममध्ये फक्त शॉवर. आल्यापासून त्यांना अंघोळ नव्हती. ओल्या पदराने त्या मान पुसत होत्या.

"भाऊ, टीव्ही दोन हायेत, केस वाळवायचं यंत्र हाय. बादली तेवढी न्हाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मान पुसू लागल्या.

"काका, बादलीने जाहिरातीतले फोटो स्वस्त दिसतात," एजंट म्हणाला.

"मग त्यांनी अंघोळ फोटोत करायची का?" मी ओरडलो. पण त्याच्यावर किती ओरडणार? त्याचं ऐकून बादली, मग आणि स्टूल भंगारात मीच दिले होते.

तिन्ही वस्तू नव्या आणल्या. दुकानदाराला सहाशे चाळीस रुपये दिले. अंघोळ करून आलेल्या आजींच्या हातात दहा हजार परत ठेवले. एजंटला त्या दिवसापर्यंतचं कमिशन चोख दिलं आणि किल्ली काढून घेतली.