सुनंदाचं दूध

सुनंदा आटपाडीकडची. नवरा हरीश फौजेत नाईक. लग्नानंतर चार वर्षांनी दिल्ली कँटोन्मेंटमध्ये क्वार्टर मिळालं आणि तिला सातवा लागला तेव्हाच त्याची सीमेवर बदली झाली. मुलगी जन्मली तेव्हा जवळ होत्या त्या शेजारच्या माधवीताई, एका सुभेदारांच्या पत्नी.

बाळाच्या आतड्यात अडथळा होता. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. पोट चालू होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

तिसऱ्या दिवशी सुनंदाला पान्हा फुटला. छाती दगडासारखी झाली, गाऊन भिजून गेला. सिस्टरने पंप हातात दिला. "निकालती रहो, नहीं तो सूख जाएगा."

दर तीन तासांनी ती दूध काढायची. मुलीला कधी देता येईल ते ठरलेलं नव्हतं, म्हणून ते हॉस्पिटलच्या मिल्क बँकेत जायचं आणि तिथून वॉर्डातल्या इवल्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना. आईचं दूध म्हणजे त्यांचं औषधच, असं सिस्टर सांगायची. सुनंदा मान हलवायची आणि काचेतून आपल्या मुलीकडे बघायची. मुलगी भुकेने रिकामे ओठ चोखत असायची.

एकोणीस दिवस असे गेले. मध्ये सुनंदाला ताप आला, छातीत गाठ झाली. अन्न घशाखाली उतरेना. माधवीताई अळिवाची खीर आणायच्या. "दोन घास तरी खा गं." ती खायची. पण वाटीभर दूध चमचाभरावर आलं, मग थेंबांवर.

विसाव्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली. तोंडाने दोन मिली दूध. सुनंदा अर्धा तास पंप लावून बसली. बाटलीचा तळसुद्धा भिजला नाही. सिस्टरने फ्रीजमधून दुसरी बाटली काढली.

"ये किसका है?"

"किसी माँ का."

मुलीने ते पचवलं. फोनवर हरीश म्हणाला, "पोटात गेलं ना? मग झालं."

"हो," ती म्हणाली. फोन ठेवला आणि जिन्यात बसून रडली.

मुलगी घरी आली ती बाटलीची सवय घेऊन. सुनंदा महिनाभर रोज तिला छातीशी धरायची. मुलगी दोनदा ओढायची, काही येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून किंचाळायची. एका दुपारी सुनंदाने ब्लाउजची हुकं लावली.

"ताई, आता नको."

"अगं, वजन वाढतंय तिचं. बघ तरी."

"वाढतंय," सुनंदा म्हणाली.

तेव्हापासून दुपारची बाटली माधवीताईच देतात. तेवढा वेळ सुनंदा आतल्या खोलीत दार लोटून बसते.